पोटातलं दुखणं आणि कानामागची नळी

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. माझ्या उजव्या कानामागे कातडीखाली एक छोटा व्हॉल्व्ह आहे. तिथून सिलिकॉनची नळी मान आणि छातीवरून पोटात उतरते. तिला शंट म्हणतात. मेंदूच्या पोकळ्यांमध्ये रोज साधारण अर्धा लिटर पाणी तयार होतं आणि शोषलं जातं. माझ्या डोक्यात ते साचतं. या आजाराला हायड्रोसेफॅलस म्हणतात. नळी ते पाणी पोटात सोडते, पोटाचं अस्तर ते शोषून घेतं.

लहानपणी कुणी याला नजर म्हणे, कुणी सावली. म्हणून अम्मी सांगायची, "बेटा, कुणाला बोलू नकोस." तिनं ते मायेनंच सांगितलं. पण त्याची किंमत मी तीन वर्षांपूर्वी मोजली.

रमजान चालू होता. इफ्तारनंतर पोट दुखायचं. वाटलं, भजी जास्त झाली. ईद झाली तरी दुखणं राहिलं. पोट फुगलेलं, भूक नाही, संध्याकाळी अंगात कसर. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी अ‍ॅसिडिटीची गोळी दिली. त्यांची चूक नव्हती. शंटबद्दल मीच बोललो नाही. माझ्या लग्नाची बोलणी चालू होती आणि दवाखान्याच्या बाकावर मोहल्ल्यातले ओळखीचे बसले होते.

सहा आठवड्यांनी डोकं दुखू लागलं, सकाळी उलट्या सुरू झाल्या. अब्बांनी माझं न ऐकता न्यूरोसर्जनकडे नेलं. सोनोग्राफीत दिसलं, नळीच्या टोकाभोवती पाण्याची पिशवी तयार झाली होती. आत संसर्ग होता. जुना शंट काढला, डोक्यातलं पाणी काही दिवस शरीराबाहेरच्या पिशवीत सोडलं, अँटिबायोटिक्स दिली आणि मग नवा शंट बसवला.

1950 च्या दशकात अमेरिकेत जॉन होल्टर नावाच्या तंत्रज्ञाच्या मुलाला हाच आजार होता. त्यानं तो समजून घेतला आणि सर्जन यूजीन स्पिट्झ यांच्यासोबत सिलिकॉनचा व्हॉल्व्ह तयार केला. एका बापानं प्रश्न उघडपणे मांडला, म्हणून माझ्यासारखे कितीतरी जगले. मी मात्र तोच व्हॉल्व्ह लपवत होतो.

शंट असलेल्यांनी चार गोष्टी पाळा. एक, कोणत्याही डॉक्टरकडे जा, पहिलं वाक्य शंटचं असू द्या. प्रत्येक पोटदुखी शंटची नसते, पण हे माहीत असल्याशिवाय डॉक्टर ते ठरवणार कसे? दोन, पोटदुखीसोबत ताप, पोट फुगणं, नळीच्या वाटेवर लाली किंवा सूज, डोकेदुखी, उलट्या, गुंगी यांपैकी काही असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. तीन, पाकिटात कार्ड ठेवा : शंटचा प्रकार, व्हॉल्व्हचं सेटिंग, शस्त्रक्रियेची तारीख. काही व्हॉल्व्हचं सेटिंग एमआरआयमुळे बदलू शकतं, म्हणून नंतर तपासून घ्या. चार, रोजे ठेवण्याआधी डॉक्टरांना विचारा. आजाऱ्याला सूट आहे, त्यात कमीपणा नाही.

ते स्थळ मोडलं. पुढच्या वेळी मी पहिल्याच भेटीत सगळं सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "दुखायला लागलं तर फोन कुणाला करायचा?" आज माझ्या न्यूरोसर्जनचा नंबर तिच्या मोबाइलमध्ये आहे.

तुमच्या घरात असं कुणी असेल, तर त्याला गप्प राहायला शिकवू नका.