पेन्शनचे कागद कपाटातून बाहेर काढा
(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयकांनी केलेले भाषण)



आपल्या सातारा जिल्ह्यात फौजीचं घर नाही असं गाव सापडणं अवघड. अपशिंगे गावाच्या नावापुढे तर ‘मिलिटरी’ असंच लागतं. आपल्या गटांतही माजी सैनिकांच्या बायका आहेत, वीरपत्नी आहेत. म्हणून आजचा विषय फौजी पेन्शनचा.

आधी एक प्रश्न. मालकांच्या पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर, तुमचं नाव कसं लिहिलंय ते किती जणींनी स्वतः पाहिलंय? हात फार थोडे वर आले. मालक हयात असताना असं विचारणं अभद्र वाटतं, हे मला कळतं. पण आपण घराचा विमा काढतो तेव्हा घर पडावं म्हणून काढत नाही ना? तसंच हे आहे.

आपल्याकडे लग्नात नाव बदलतात. माहेरची शोभा सासरी सुनीता होते. फौजेच्या कागदावर शोभा, आधारवर सुनीता, बँकेत तिसरंच काहीतरी. मालक असताना त्यांच्या अर्जावर रेकॉर्ड ऑफिसकडून दुरुस्ती होते. ते गेल्यावर तीच धावपळ दुःखात, एकटीला करावी लागते. म्हणून नाव, जन्मतारीख आणि मुलांची नोंद आजच तपासा.

आता हक्क काय ते ऐका. पेन्शनर सैनिक वारले तर पत्नीला कुटुंब पेन्शन मिळते. साधारण दर शेवटच्या पगाराच्या 30 टक्के, पण महिन्याला किमान 9,000 रुपये, आणि वर महागाईची वाढ. सुरुवातीला वाढीव दर असतो: 7 वर्षं, किंवा मालकांचं वय 67 झालं असतं तोपर्यंत, यातलं जे आधी येईल ते. त्यानंतर रक्कम कमी झाली तर घाबरू नका, तो नियम आहे. नोकरीच्या कारणाने मृत्यू झाला तर विशेष कुटुंब पेन्शन 60 टक्के असते. युद्धात किंवा अतिरेक्यांशी लढताना वीरमरण आलं तर उदारीकृत कुटुंब पेन्शन, म्हणजे शेवटच्या पगाराइतकी. आणि आज्यांनो, तुमचं वय 80 झालं की मूळ पेन्शनवर 20 टक्के जादा मिळतात. त्यासाठी कागदावर जन्मतारीख बरोबर हवी.

ती मिळवायची कशी? आता संरक्षण खात्याचं पेन्शनचं काम ‘स्पर्श’ या ऑनलाइन व्यवस्थेतून चालतं. मृत्यूची खबर लवकर द्या. उशीर झाला आणि मालकांची पेन्शन खात्यात येत राहिली, तर जादा गेलेली रक्कम पुढे कापून घेतात. मृत्यूचा दाखला, पीपीओ, आधार, पॅन, तुमच्या स्वतःच्या नावाचं बँक पासबुक आणि फोटो एका पिशवीत ठेवा. मोबाईल जमत नसेल तर सीएससी केंद्रात किंवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. माजी सैनिकाच्या पत्नीचं ओळखपत्रही याच कार्यालयातून मिळतं. कुटुंब पेन्शन घेणाऱ्या पत्नीला ईसीएचएसच्या दवाखान्याची सोयही घेता येते.

वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यायचाच, बहुतेकांचा नोव्हेंबरमध्ये. बोटाचा ठसा उमटत नसेल तर मोबाईलवर चेहरा दाखवूनही ‘जीवन प्रमाण’ निघतं. दाखला चुकला की पेन्शन थांबते.

ज्यांच्या मालकांना पेन्शनच नव्हती, त्यांनीही गप्प बसू नका. हवालदार आणि त्याखालच्या पदाचे, पेन्शन नसलेले 65 वर्षांवरील माजी सैनिक किंवा त्यांच्या विधवा यांच्यासाठी केंद्रीय सैनिक मंडळाची मासिक मदत आहे. तिचाही अर्ज याच कार्यालयामार्फत जातो.

शेवटचं, पण महत्त्वाचं. काही घरांत पेन्शन आजीची आणि एटीएम कार्ड पुतण्याच्या खिशात असतं. “तुला काय कळतंय बँकेतलं” असं म्हणतात. ताईंनो, गटाचं कर्ज फेडणाऱ्या बाईला बँक कळते! कार्ड स्वतःजवळ ठेवा, पिन कुणाला सांगू नका. “पेन्शन चालू करून देतो, इतके टक्के द्या” म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

पुढच्या गट बैठकीला प्रत्येक फौजी घरातल्या बाईने पीपीओची झेरॉक्स आणि आधार घेऊन यावं. लिहिता-वाचता येणाऱ्या मैत्रिणीने शेजारी बसून दोन्ही कागदांवरचं नाव अक्षर न् अक्षर ताडून पाहावं. जिथे फरक निघेल ती यादी सीआरपी ताईंकडे द्या. आपण मिळून सैनिक कल्याण कार्यालयात जाऊ.