लघुपटाला हवा पाठीराखा

चित्रपटाची थोरवी त्याच्या लांबीवर अवलंबून नसते. १९१२ साली दादासाहेब फाळके यांनी कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची वाढ दिवसागणिक टिपून एक चिमुकला चित्रपट सिद्ध केला. तो पाहून भांडवल देणारा पुढे आला आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर अवतरला.

फ्रान्सच्या ख्रिस मार्कर यांची ‘ला जेते’ (१९६२) ही अवघ्या २८ मिनिटांची विज्ञानकथा. महायुद्धाने उद्ध्वस्त झालेल्या पॅरिसमधील एका कैद्याला भूतकाळात पाठविले जाते. सारी कथा स्थिरचित्रांतून उलगडते. निद्रिस्त स्त्री क्षणभर डोळे उघडते, तेवढीच काय ती हालचाल! या लघुपटावरून १९९५ साली हॉलिवूडने ‘ट्वेल्व्ह मंकीज’ हा पूर्ण लांबीचा चित्रपट काढला.

अशा चित्रपटांपाशी जाहिरात नसते, नामवंत नट नसतात. त्यातून भयकथा किंवा विज्ञानकथा म्हटली की सुशिक्षितही नाक मुरडतात. म्हणूनच त्यांना जाणता प्रेक्षक हवा. सत्यजित राय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४७ मध्ये कलकत्त्यात फिल्म सोसायटी स्थापन केली, ती असा प्रेक्षक घडविण्यासाठीच.

हे कार्य आपल्या गावीही शक्य आहे. निर्मात्याची अनुमती घेऊन शाळेत वा ग्रामपंचायतीच्या सभागृहात महिन्याला एक लघुपट दाखवावा, त्यावर मोकळी चर्चा घडवावी, आवडल्यास शेजारच्या गावास कळवावे. प्रेक्षकाविना नवा कलावंत पहिल्याच पावलावर थबकतो. त्याचे दुसरे पाऊल पडावे, हे आपल्या हाती आहे.