मंडळाच्या गिटारीविषयीं दोन शब्द
(जुबिलीनिमित्त भरलेल्या सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



जुबिलीच्या सभेंत धर्मगुरूनें गतकाळाचें गुणवर्णन करावें, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. तें काम आमच्यापूर्वीच्या वक्त्यांनीं उत्तम प्रकारें केलेलें आहे. म्हणून आम्ही आज एका वाद्याविषयीं बोलणार आहों. आपल्या मंडळाकडे आलेली जुनी विजेची गिटार विकावी कीं वाजवावी, या प्रश्नावरून गेलें वर्षभर या धर्मग्रामांत दोन तट पडले आहेत. त्याचा उलगडा सर्वांच्या समक्ष करणें आम्हांस कर्तव्य वाटतें.

हकीकत थोडक्यांत अशी. आपल्यांतील एक वृद्ध गृहस्थ तरुणपणीं बोटीवर होते. परदेशच्या एका बंदरांत, जुन्या बाजारांतून, त्यांनीं ही गिटार पगाराच्या पैशांतून घेतली. त्यांच्या पश्चात् त्यांच्या पत्नीनें ती मंडळाच्या स्वाधीन केली व देतांना एवढेंच म्हटलें, “फादर, ती कपाटात ठेवू नकात, पोरांनी वाजवूक व्हयी.” पुढें एका जाणत्या कारागिरानें ती तपासली. मान धडापासून सोडवितां तिच्या टोकास पेन्सिलीनें लिहिलेली तारीख आढळली, आणि ही गिटार फेंडर कंपनीची, टेलिकास्टर जातीची, गेल्या शतकाच्या सहाव्या दशकांतील आहे, असें ठरलें. ही वार्ता मुंबईस पोंचली व तेथील एका संग्राहकानें जी किंमत देऊं केली, तींत आपल्या सभागृहाचें छप्पर नवें होऊन वर कांहीं शिल्लक उरली असती.

या वाद्यास एवढें मोल कां, हें समजून घेणें इष्ट आहे. साध्या गिटारीचा आवाज तिच्या पोकळ धडांतून निघतो. बँडांत कर्णे व ढोल वाजूं लागले कीं तो बुडून जाई. १८३१ सालीं मायकेल फॅरडे यांनीं दाखवून दिलें होतें कीं, चुंबक व तारेचें वेटोळें यांच्यामध्यें हालचाल झाली असतां वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते. गिटारीची पोलादी तार अशाच चुंबकावर कांपते. भोंवतालच्या केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेच्या हजारों वेढ्यांत तो कंप विजेच्या रूपानें उतरतो, आणि ध्वनिवर्धक त्यास मोठें करतो. १९३२ च्या सुमारास अमेरिकेंत अशी पहिली गिटार विक्रीस आली. ती अॅल्युमिनियमची असून तिच्या आकारामुळें लोक तिला तळण्याचा तवा म्हणत! १९३६ मध्यें गिब्सन कंपनीनें आपली विजेची गिटार काढली, आणि चार्ली ख्रिश्चन या तरुण वादकानें तिला बँडांत मानाची जागा मिळवून दिली. लिओ फेंडर हे तर रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांना स्वतःस गिटार वाजवितां येत नसे. त्यांनीं १९५० मध्यें भरीव लांकडाची, स्क्रूंनीं जोडलेली, सहज दुरुस्त होणारी गिटार बाजारांत आणली. तिलाच १९५१ पासून टेलिकास्टर हें नांव मिळालें. कामकरी वादकांसाठीं केलेली ती वस्तु आज श्रीमंतांच्या कांचेच्या कपाटांत जाऊन बसली आहे.

कित्येकांस वाटतें कीं, हें परकें वाद्य आपल्या कोंकणच्या किनाऱ्यास शोभत नाहीं. त्यांनीं थोडा इतिहास पाहावा. हवाई बेटांतील गायक-वादक ताउ मो हे १९४० नंतरच्या दशकांत कलकत्त्यास राहिले होते, व मांडीवर आडवी ठेवून वाजविण्याची हवाईयन गिटार या देशांत चांगलीच रुजली. व्हॅन शिप्ले व हजारा सिंग यांनीं विजेच्या गिटारीवर वाजविलेल्या चित्रपटगीतांच्या तबकड्या घरोघरीं पोंचल्या. पंडित ब्रिजभूषण काब्रा यांनीं तर गिटारीवर रागसंगीत वाजविलें. १९६७ सालची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही तबकडी त्यांची, शिवकुमार शर्मा यांची व हरिप्रसाद चौरसिया यांची मिळून आहे.

आणि आपल्या शेजारच्या गोव्याचें काय सांगावें! तेथील चर्चच्या शाळांत मुलांस स्वरलिपि व व्हायोलिन शिकविण्याची जुनी चाल होती. त्या परंपरेंतून मुंबईच्या वाद्यवृंदांस शेंकडों वादक मिळाले. माजोर्डा येथें १९२७ सालीं जन्मलेले अँथनी गोन्साल्विस यांनीं प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकविलें व १९५८ मध्यें हिंदी व पाश्चात्त्य संगीताचा मेळ घालणारा वाद्यवृंद उभा केला. मूळच्या गोमंतकीय कुटुंबांत, मुंबईस १९३६ मध्यें जन्मलेले अमान्सियो डिसिल्वा यांनीं विजेची गिटार हातीं घेऊन लंडनपर्यंत कीर्ति मिळविली. त्यांच्या १९६९ च्या ‘इंटिग्रेशन’ या तबकडीत जॅझ व हिंदी राग एकमेकांस भेटतात. अशा शेजाऱ्यांच्या उंबरठ्यावर राहून आपण गिटारीस परकी म्हणावें, हें बरें नव्हे.

आतां देवळांतील वापराविषयीं. १९०३ सालीं पोप दहावे पायस यांनीं पियानो व ढोलासारखीं गोंगाटाचीं वाद्यें उपासनेंत वर्ज्य केलीं होतीं. १९६३ मध्यें दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें पाइप ऑर्गनचा मान कायम ठेवून, पवित्र कार्यास योग्य अशीं इतर वाद्येंहि अधिकाऱ्यांच्या संमतीनें चालतील, असें ठरविलें. त्या दोन्ही वचनांचा मान राखून आमचा नियम असा आहे कीं, मिस्सेच्या वेळीं गिटारीचा आवाज गाणाऱ्या लोकांच्या आवाजाहून वर जाऊं नये. नाताळच्या नाटकांत व लग्नाच्या मांडवांत तरुणांनीं तिला खुशाल मोठ्यानें बोलूं द्यावें.

वाजविणाऱ्यांस आणखी कांहीं सांगणें आहे. आपली हवा खारी. तारा पाहतां पाहतां गंजतात. म्हणून वाजवून होतांच त्या कोरड्या फडक्यानें पुसाव्या, आणि पावसाळ्यांत गिटार ओलसर भिंतीशीं टेकून ठेवूं नये. तिच्यांतून जो घूं घूं आवाज येतो, तो आपल्या घरगुती विजेचा, सेकंदास ५० आवर्तनांचा आहे. वादकानें थोडें वळून उभें राहिलें असतां तो कमी होतो. सेथ लव्हर यांनीं १९५५ मध्यें दुहेरी वेटोळें योजून तो घालविला, हें खरें. परंतु त्यासाठीं मूळचें वेटोळें काढून नवें बसवूं नये, कीं जुना रंग खरवडून नवा देऊं नये. जें एकदां काढलें, तें पुनः मूळचें होत नाहीं. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे ध्वनिवर्धकाची अर्थिंग तपासल्यावांचून, अथवा ओल्या जमिनीवर अनवाणी उभें राहून, तिला कोणीहि हात लावूं नये. १९७२ सालीं वेल्समधील स्वान्सी येथें लेस हार्वी हा तरुण गिटारवादक रंगमंचावरच विजेच्या धक्क्यानें मरण पावला. आमच्या मुलांचा जीव कोणत्याहि गिटारीहून मोलाचा आहे.

आतां मूळ प्रश्न. विकावी म्हणणाऱ्यांचें म्हणणें आम्ही हलकें मानीत नाहीं. सभागृह गळतें, पावसाळ्यांत मुलांचे धर्मशिक्षणाचे वर्ग एका कोपऱ्यांत दाटीनें बसतात. वाजविल्यानें गिटार झिजेल व तिची किंमत उतरेल, हेंहि खरें आहे. परंतु ही वस्तु आम्हांस अटीवर मिळाली. अट मान्य करून दान घ्यावें आणि भाव वाढला कीं अट विसरावी, असें जर चर्चनेंच केलें, तर उद्यां या गांवांत शब्दाला किंमत कोण देईल? त्या माउलीस आम्ही स्वतः जाऊन पुनः विचारलें. छपराची गोष्टहि कांहीं न लपवितां सांगितली. त्या बराच वेळ गप्प राहिल्या, आणि मग त्यांनीं विचारलें, “ती मुलगी अजून वाजवता ना?” ती मुलगी म्हणजे मासेमारी करणाऱ्या घरांतील, आपल्या मंडळांतील सर्वांत धाकटी. तिनें वर्षभर साध्या गिटारीवर स्वरलिपि गिरविली, आणि मगच तिच्या हातीं ही गिटार दिली गेली. आज तिच्या तोडीचा वादक मंडळांत नाहीं.

तेव्हां निर्णय असा आहे कीं, गिटार विकली जाणार नाहीं. स्वरलिपि शिकलेल्या कोणाहि मुलास वा मुलीस ती वाजवितां येईल. बाहेर नेतांना वहींत नोंद होईल. छपरासाठीं निराळा निधि उघडला असून त्याची पेटी दाराशीं ठेवली आहे. ज्यांनीं विकण्याच्या बाजूनें तळमळीनें भाषणें केलीं, त्यांनींच त्या पेटींत पहिला हात घालावा अशी आमची प्रेमाची विनंति आहे. न विकण्याच्या बाजूच्यांनीं तर दोनदां घालावा.

कार्यक्रमाच्या शेवटीं गायनमंडळ गाणार आहे. आपण सर्वांनीं बसून ऐकावें, व घरीं जातांना पेटीची आठवण ठेवावी. परमेश्वर आपणां सर्वांचें कल्याण करो.