आधी हर्ट्झ, मग डिकोडर

(लवासा येथील रहिवाशांच्या उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



पत्रिकेवर विषय छापलाय, 'घरच्या थिएटरच्या कॉम्प्युटरसाठी डिकोडर कोणता निवडावा'. संयोजकांनी फोनवर बजावलं होतं, की फार खोलात शिरू नका, नाव सांगा, लोक घरी जाऊन बसवतील. नाव सांगणार आहे. पण शेवटी सांगणार आहे, म्हणजे तुम्ही मधेच उठणार नाही. (हशा)

न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती 1875 साली. तेव्हापासून आपल्याकडे उन्हाळा आला की कुणीतरी माइकसमोर उभं राहतं आणि बाकीचे पंख्याखालची खुर्ची शोधतात. ती परंपरा तुम्ही इथे दासव्यात, वरसगावच्या पाण्याकाठी चालू ठेवलीत याचं मला कौतुक आहे. या शहराच्या दिवाळखोरीचा विषय 2018 साली न्यायाधिकरणात गेला, त्यावर मी एक शब्द बोलणार नाही. मला रात्री सुखरूप पुण्याला पोचायचंय. (हशा)

तुम्हाला हा विषय का हवा होता, ते घाट चढतानाच कळलं. पाऊस महिन्यावर आलाय. एकदा तो लागला की रस्ता, वीज आणि इंटरनेट या तिघांतलं एक तरी रुसून बसतं. अशा वेळी ऑनलाइन चित्रपटाच्या भरवशावर कोण राहणार? हार्ड डिस्कवर चित्रपट, लग्नामुंजीच्या कॅसेटींच्या फाइली, आणि टीव्हीच्या मागे एक छोटा कॉम्प्युटर, हे इथल्या चार महिन्यांसाठी शहाणपणाचं आहे. इन्व्हर्टरवर चालेल असा खोका घ्या. इंटेलची एन-100 ही चिप 6 वॅटची आहे, 2023 सालची आहे, आणि चित्रपट दाखवण्याच्या कामात कुठे कमी पडत नाही.

कोडेक म्हणजे चित्र दाबून साठवायची पद्धत, डिकोडर म्हणजे ते पुन्हा उलगडणारा, हे तुम्हा मंडळींना ठाऊकच आहे. एच-264 हे 2003 चं, एचईव्हीसी 2013 चं, एव्ही-1 2018 चं. मग चित्र पडद्यावर मांडायच्या ओव्हरले, व्हीएमआर, ईव्हीआर या पद्धतींचा सगळा इतिहास, तो मी सोडून देतो. (मागून आवाज : 'सांगा की!') नाही, मग जेवण गार होईल आणि शिव्या मला पडतील.

एकच गोष्ट सांगतो. 4-के चित्राच्या एका फ्रेममध्ये सुमारे 83 लाख ठिपके असतात. सेकंदाला 60 फ्रेम म्हटल्या तर जवळजवळ 50 कोटी ठिपके दर सेकंदाला उलगडायचे. हे काम मुख्य प्रोसेसरवर टाकलंत तर पंखा असा ओरडायला लागतो की संवाद ऐकू येत नाहीत. म्हणून ग्राफिक्सच्या चिपमध्ये याच कामासाठी वेगळं सर्किट कोरलेलं असतं. ते सर्किट वापरायचं, यालाच आपण ग्राफिक्स ॲक्सिलरेशन म्हणतो. पण सर्किट असेल तर वापराल ना! इंटेलच्या सहाव्या पिढीत 8-बिट एचईव्हीसी आलं, सातव्या पिढीत 10-बिट आलं, आणि एव्ही-1 यायला अकरावी पिढी उजाडली. तुमची चिप पाचव्या पिढीची असेल तर जगातला कुठलाही डिकोडर बसवा, ते सर्किट काही उगवणार नाही. खात्री कशी करायची? चित्रपट लावा, टास्क मॅनेजर उघडा, त्यात जीपीयू, आणि त्यात 'व्हिडिओ डिकोड' नावाचा आलेख. तो हलतोय आणि सीपीयू निवांत आहे, म्हणजे काम योग्य जागी चाललंय. एक अपवाद लक्षात ठेवा. 10-बिट एच-264, जपानी ॲनिमेशनवाली पोरं उतरवून ठेवतात ते. बहुतेक ग्राफिक्स कार्डं त्याला हात लावत नाहीत. ते प्रोसेसरवरच चालणार. कार्डाला दोष देऊ नका.

इथपर्यंत डिकोडर. आता खरा विषय. (हशा) हसू नका, मी याच्याचसाठी आलोय.

आलेख हलतोय, सीपीयू पाच टक्क्यांवर आहे, एक फ्रेम गळत नाही, आणि तरीही चित्र अडखळतं. का? सह्याद्री वाहिनीच्या बातम्यांचं एखादं जुनं रेकॉर्डिंग लावा आणि खालून सरकणाऱ्या पट्टीकडे बघा. अक्षरं सरकत नाहीत, ठेचकाळतात. लोक काय करतात? डिकोडर बदलतात. मग प्लेयर बदलतात. मग कार्ड बदलतात. आणि पडदा मात्र बिचारा 60 हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला 60 वेळा चित्र बदलत, उभा. कॉम्प्युटर कारखान्यातून बाहेर पडतो तेव्हापासून तो 60 वर असतो, कारण हा हिशोब अमेरिकेत बसवला गेला. तिथली वीज 60 ची, म्हणून तिथला टीव्ही 60 चा, म्हणून मॉनिटर 60 चा.

आपली वीज 50 ची. देशाची ग्रिड 49.90 ते 50.05 हर्ट्झ या पट्ट्यात ठेवायचा नियम आहे. पूर्वी टीव्हीचा ठेका विजेच्या ठेक्याला बांधत, नाहीतर चित्रावर काळे पट्टे तरंगत. म्हणून मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं ते 625 रेषा आणि सेकंदाला 50 अर्धचित्रं घेऊन. 1982 ला रंग आला, ठेका तोच राहिला. आपल्याकडच्या कॅसेटी, लग्नाचे कॅमेरे, व्हीसीडी, डीव्हीडी, बरंचसं 25 आणि 50.

आणि हे मी मुळशी तालुक्यात उभा राहून सांगतोय! इथून डोंगरापलीकडे मुळशीचं धरण आहे. त्याचं विजेसाठीचं पाणी पुण्याकडे येत नाही, सह्याद्री उतरून खाली भिऱ्याला जातं. टाटांचं ते वीजगृह 1927 सालचं. त्या धरणासाठी इथल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. 1921 ते 1924 मुळशीचा सत्याग्रह झाला, सेनापती बापट तुरुंगात गेले, मावळे उघड्या शेतात कुदळींसमोर बसले. धरण व्हायचं ते झालंच. त्या लोकांबद्दल खरं तर एक अख्खं व्याख्यान व्हायला हवं, पुढच्या वर्षी ठेवा, मी श्रोता म्हणून येईन. माझं म्हणणं इतकंच, की भिऱ्याची चाकं आज 50 च्या ठेक्यात फिरतात. या तालुक्यानं त्या वीजगृहासाठी गावं बुडवली, आणि आपण दिवाणखान्यात बसून दूरदर्शनचं रेकॉर्डिंग 60 वर बघतो.

(एक श्रोते : 'पण हे गाव इटलीवरून काढलंय!') हो, पोर्तोफिनोवरून. तिथेही 50 हर्ट्झच आहे. (मोठा हशा, टाळ्या)

हिशोब साधा आहे. 60 ला 25 नं भागा, 2.4 येतात. म्हणजे एक फ्रेम दोन ठोके, दुसरी दोन, तिसरी तीन, असा लंगडा ताल. 50 ला 25 नं भागा, नेमके दोन. सिनेमाची फ्रेम 24 ची. 60 वर ती दोन-तीन-दोन-तीन चालते, 50 वर सेकंदाला दोनदा अडखळते, म्हणून सिनेमाला पडदा 24 वरच न्यायचा. त्यातही परदेशी चकत्यांवर बऱ्याचदा 24 नसतात, 23.976 असतात. 1953 साली अमेरिकनांनी रंगीत टीव्हीच्या सोयीसाठी ठोका हजारात एक इतका ढिला केला, त्याचं हे फळ. पडदा बरोबर 24 वर आणि फाइल 23.976 ची असेल, तर साधारण दर 42 सेकंदांनी एक फ्रेम दोनदा दिसते. एरवी कळत नाही. एकदा कळलं की दुसरं काही दिसत नाही. माझ्या घरच्यांना विचारा.

त्यावरून आमचे एक मामा आठवले. वाईला असत. नाट्यसंगीताचे आणि जुन्या संगीतप्रधान बोलपटांचे वेडे. तरुणपणी थिएटरात बसून बसून सगळी गाणी पाठ. निवृत्त झाल्यावर कुणीतरी त्यांना त्यातल्या एका चित्रपटाची व्हीसीडी आणून दिली. मामांनी टीव्हीसमोर सतरंजी घातली, पेटी काढली, आणि साथ करायला बसले. पट्टी काळी दोन. गाणं सुरू झालं आणि मामा थबकले. काळी दोनवर धरलं तर गाणं चढं, पांढरी तीनवर गेलं तर उतरलेलं. मधे कुठेतरी. पेटीला मधे काही नसतं हो! मामींना वाटलं, यांचा कान गेला. मामांना वाटलं, पेटी गेली. ती दुरुस्तीला नेली, दुरुस्तीवाल्यानं दोन दिवस ठेवून परत दिली, म्हणाला, पेटी ठणठणीत आहे, तुम्ही कानाच्या डॉक्टरांकडे जा. त्यावर मामा त्याच्याशी जे बोलले ते या व्यासपीठावर सांगण्यासारखं नाही. पुढे कितीतरी दिवस घरात पेटीचा विषय निघाला की कुणी तरी उठून पाणी प्यायला जाई. मामांनी रोजचा रियाजसुद्धा सोडला. एक तर म्हातारपण, त्यात स्वतःच्या सुरावरचा भरवसा गेलेला. गवयाचं एवढंच तर भांडवल असतं.

दोष ना कानाचा, ना पेटीचा. चित्रपट 24 फ्रेमचा. व्हीसीडी काढताना तो 25 नं पळवला, म्हणजे चार टक्के जोरात. चित्रात ते कुणाला दिसत नाही, पण आवाज सुमारे पाऊण स्वरपट्टी चढतो. अडीच तासांचा चित्रपट दोन तास चोवीस मिनिटांत उरकतो. मी त्यांच्या कॉम्प्युटरवर एमपीव्ही नावाचा प्लेयर घातला, वेग 0.96 केला, आणि त्यातली 'पिच करेक्शन' नावाची सोय बंद केली. ती चालू ठेवली तर प्लेयर वेग कमी करतो आणि सूर मात्र चढाच ठेवतो. गाणं लागलं. मामांनी भाता हलवला, काळी दोनवर बोट ठेवलं, आणि आमच्याकडे न बघता वाजवायला लागले. मामी आतून म्हणाल्या, 'म्हणजे आता सहा मिनिटं जास्त ऐकायचं!' (हशा) सांगायचं काय, त्या घरात डिकोडर पहिल्या दिवसापासून बिनचूक होता.

(अध्यक्ष घड्याळाकडे बोट दाखवतात.) हो, हो. किती? दहा मिनिटं? मग इंटरलेसिंग पटकन उरकतो, वाईट वाटतं.

जुन्या कॅसेटींत एका फ्रेमची दोन अर्धचित्रं असतात, विषम ओळी आधी, सम ओळी नंतर, आणि मधे एक पन्नासांश सेकंद गेलेला. दोन्ही एकत्र डकवली की वरातीत नाचणाऱ्या माणसाच्या हाताला फणीसारखे दात फुटतात. उपाय असा, की प्लेयरमधलं डीइंटरलेसिंग चालू करा, ते ग्राफिक्स कार्डाला करू द्या, आणि 25 फ्रेम न मागता 50 मागा. प्रत्येक अर्धचित्राची एक पूर्ण फ्रेम होते, आणि नाचणारा काका पुन्हा माणसासारखा नाचतो. आता या 50 फ्रेम 60 च्या पडद्यावर टाकल्या तर सेकंदाला दहा वेळा ठेच लागते. म्हणजे पुन्हा पडदा 50 वर. तुम्ही कुठूनही निघा, तिथेच येता.

(एक श्रोत्या : 'आमच्या मुलीचं लग्न सगळं फोनवर घेतलंय, त्याचं काय?') ताई, फोन बहुधा 30 फ्रेमचा, त्याला 60 च बरोबर. मी 60 च्या विरुद्ध नाही. (हशा) नाही, खरंच नाही! फाइल जी असेल तो ठेका पडद्यानं धरावा, इतकंच. कोडी नावाचा प्लेयर वापरत असाल तर प्लेयरच्या सेटिंगमध्ये 'ॲडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट' आहे, ते चालू करा. प्रत्येक फाइलीला टीव्ही आपोआप बदलेल, सुरुवातीला दोन सेकंद पडदा काळा होईल, घाबरू नका.

(दुसरे श्रोते : 'टीव्हीला खोचायच्या काठीत हे सगळं आपोआप होतं. कॉम्प्युटर हवाच कशाला?') आता तुम्ही मला चिडवताय. काठीत ती सोय असते, बऱ्याचदा ती आपणच चालू करावी लागते. आणि काठी तुमच्या कॅसेटींचं डीइंटरलेसिंग कसं करते, ते एकदा वरातीच्या फाइलीवर बघा, मग बोलू. टीव्हीतली 'मोशन' नावाची करामतसुद्धा बंद करा. तो मधल्या फ्रेम मनानं रचतो आणि चांगला सिनेमा दुपारच्या मालिकेसारखा दिसायला लागतो.

अध्यक्ष उभे राहिलेत. ठीक. पत्रिकेवरच्या प्रश्नाचं उत्तर देतो, लिहून घ्या. विंडोज असेल तर एलएव्ही फिल्टर्स बसवा आणि त्यात डी-थ्री-डी-इलेव्हन निवडा. जुनं कार्ड असेल तर डीएक्सव्हीए-टू. त्यात 'नेटिव्ह' आणि 'कॉपी-बॅक' असे दोन प्रकार दिसतील. नेटिव्हमध्ये उलगडलेली फ्रेम ग्राफिक्सच्या मेमरीतून थेट पडद्यावर जाते. कॉपी-बॅकमध्ये ती मुख्य मेमरीत परत आणतात, म्हणजे तिच्यावर आणखी संस्कार करता येतात. तुम्हाला संस्कार करायचे नसतील तर नेटिव्ह. लिनक्स असेल तर इंटेल आणि एएमडीला व्हीए-एपीआय, एनव्हिडियाला एनव्हीडेक. कोडी वापरलंत तर ते स्वतःच योग्य ते निवडतं; एमपीव्हीत आधी हार्डवेअर डिकोडिंग चालू करावं लागतं, मग तेही निवडतं. हिरवा पडदा दिसला किंवा चौकोन फुटले तरच हात घाला. डिकोडरबद्दल याहून जास्त बोलण्यासारखं आता उरलेलं नाही, आणि जे बोलतात त्यांचा पडदा 60 वर असतो.

घरी गेल्यावर रिमोटवरचं 'इन्फो' बटण दाबा आणि पडदा कितीवर चाललाय ते वाचा. नवा खोका घेणार असाल तर 'फोर-के 60' एवढी चिठ्ठी बघून पैसे देऊ नका. तो 24 आणि 50 देतो का, हे दुकानात टीव्हीला जोडून दाखवायला सांगा. दुकानदारानं दाखवलं नाही, तर दुसऱ्या दुकानात जा.