बायांच्या तोंडातली लढाई
(नवी मुंबईतल्या महिला मेळाव्यात केलेलं भाषण)



शाळेत लढाईच्या कविता आम्ही पाठ केल्या. त्या राजांच्या नाहीतर सैनिकांच्या. घरी राहिलेल्या बाईची एकही नव्हती. आम्हाला वाटायचं, बाया लढाईवर काही बोलल्याच नसतील.

पण तसं नाही. पहिल्या महायुद्धात सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे या एका गावचे 46 जवान गेले. तिकडच्या बायांना लिहिता येत नव्हतं, पण घरात जातं होतं. पहाटे दळताना पलटणीतला भाऊ, पलटणीतला लेक ओवीत यायचा. विलायतेत दारूगोळ्याच्या कारखान्यात राबणाऱ्या बायांनीही कविता केल्या. पण त्या युद्धावरच्या स्त्रियांच्या कवितांचा मोठा संग्रह तिकडे 1981 साली निघाला, साठ वर्षं उलटल्यावर. आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाच्या वर ओव्या जमवल्या. बाया गातच होत्या, ऐकायला कुणी गेलं नव्हतं.

आता आपल्या लढाईचं बोलू. इथून जवळच उरण तालुक्यात चिरनेर आहे. 25 सप्टेंबर 1930 ला अक्कादेवीच्या रानात जंगल सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. आठ हुतात्मे झाले, त्यात नाग्या कातकरी आपला. महायुद्ध संपलं त्याच साली, 10 ऑक्टोबर 1945 ला, तलवाड्याला वारल्यांवर गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे पडले. गोदावरीबाई परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात वारल्यांचा लढा लिहिला, म्हणून तो आपण वाचतो. पण त्या घरांतल्या बाया रात्री काय गायल्या? ते आपणच विचारलं नाही.

हे आज का सांगतो? वनहक्काचे दावे चालू आहेत. पुरावा मागतात, आणि आपण कागद शोधत बसतो. नियम 13 वाचा. दावेदार सोडून गावातल्या वडीलधाऱ्या माणसाचा जबाब लिहून घेतला तर तो पुरावा धरतात. गाणं हा काही कायद्यात लिहिलेला पुरावा नाही. पण म्हातारीला नुसतं विचारलं, "आजी, कधीपासून कसताय?" तर ती गप्प बसते. तिला गायला लावा. गाण्यात झऱ्याचं नाव येतं, देवाच्या झाडाचं येतं, कुठल्या दळीत नाचणी होती तेही येतं. मग तिथून एकेक विचारत जबाब लिहा. एका जबाबावर भागत नाही, एकाहून जास्त पुरावे लागतात. म्हणून जबाब घ्या आणि जागेवर जाऊन बांध, विहीर, जुनी झाडं पण दाखवा.

प्रत्येक पाड्यावर एवढं करू या. वयाने मोठ्या बायांकडे बसायचं. त्यांना विचारूनच लिहायचं. त्यांची बोली शाळेच्या भाषेत सुधारायची नाही. गाणारणीचं नाव घालायचं. मग ग्रामसभेत वाचून दाखवायचं. आणि पट्टा मिळेल तेव्हा नवरा-बायको दोघांची नावं बघून घ्यायची. ते कायद्यातच आहे, कुणाची मेहेरबानी नाही.

आमच्या पाड्यावरच्या दोन आज्या गेल्या पावसाळ्यात वारल्या. त्यांची गाणी आम्ही लिहिली नव्हती. तुम्ही उशीर करू नका.

जोहार! जिंदाबाद!