साडेसहा मीटर

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



“तू खरंच कमरेला पिस्तूल लावून फिरतोस?” असं काल जेवताना चार जणांनी विचारलं. एकदाच सगळ्यांना सांगतो.

हो, लावतो. टेक्सासमध्ये पेट्रोल पंपाला लागून माझं छोटं दुकान आहे. आपल्याकडे १९५९चा शस्त्र कायदा आणि परवान्यासाठी हेलपाटे. तिथे सप्टेंबर २०२१पासून, कायद्याने अपात्र नसलेल्या २१ वर्षांवरच्या माणसाला परवान्याशिवायही पिस्तूल शर्टाखाली बाळगता येतं. सोपं आहे. फारच सोपं आहे, असं माझं मत.

विकत घेणं सोपं, पण माणूस अंगावर आला की काय? म्हणून मी झटापटीचं दोन दिवसांचं शिबिर केलं. हेल्मेट, निळी प्लॅस्टिकची पिस्तुलं, रंगाच्या गोळ्या.

१९८३ साली डेनिस ट्युलर या सॉल्ट लेक सिटीच्या पोलिसाने लिहून ठेवलं, की चाकूवाला २१ फूट अंतर साधारण दीड सेकंदात कापतो. सरावलेल्या माणसाला पिस्तूल काढून झाडायलाही तेवढाच वेळ लागतो. २१ फूट म्हणजे किती? आपलं कबड्डीचं मैदान आठवा. फक्कीने आखलेली मधली रेषा ते शेवटची रेषा, साडेसहा मीटर. जवळजवळ तेवढंच! आणि माझ्या गल्ल्यापुढचं गिऱ्हाईक तर हातभर अंतरावर असतं.

तेवढ्या जवळ पिस्तुलाचा नंबर दुसरा. आधी दोन्ही हातांनी डोकं झाकायचं, पायांवर उभं राहायचं, समोरच्याचं मनगट धरायचं; मग जमलं तर पिस्तूल. हात गुंतलेले असताना काढलं, तर एका पिस्तुलासाठी दोघं भांडतात. आमच्यात एक सहा फुटी निवृत्त फौजी होता. पाचव्या सेकंदाला त्याचं पिस्तूल समोरच्याच्या हातात! जवळून झाडताना ते बरगडीशी धरतात, जरा बाहेर कलतं. नाहीतर वरचा सरकता भाग आपल्याच शर्टात अडकतो. नळी समोरच्याच्या अंगावर दाबली आणि तो भाग मागे सरकला, तर गोळी सुटतच नाही. सिनेमात हे कुणी दाखवत नाही.

सर, तुम्ही आम्हाला चढाईवाल्याचे पाय बघायला शिकवलंत. तिथे हात बघायला शिकवतात.

पण मला उपयोगी पडलं ते बोलणं. अनोळखी माणूस जवळ येऊ लागला की उघडे तळवे छातीपुढे धरायचे, तिरकं सरकायचं आणि खणखणीत आवाजात “तिथेच थांबा” म्हणायचं. गेल्या हिवाळ्यात रात्री साडेअकराला एक पोरगा डोक्यावर टोपडं ओढून, हात खिशात घालून थेट गल्ल्याच्या आत यायला निघाला. मी बाजूला सरकलो, मध्ये कोपरा घेतला, ओरडलो. तो जागच्या जागी थिजला. हळूच हात बाहेर काढला. हातात बंद पडलेला मोबाईल होता. चार्जर मागायला आला होता. वय असेल सतरा. माझ्या धाकट्याएवढा.

फोन चार्ज होईपर्यंत तो दुकानात बसला. मी कॉफी दिली. पाऊण तासात आम्ही दोघं फार काही बोललो नाही.

आता दुकान दहाला बंद करतो. पिस्तूल अजून आहे, सौ.चा त्याला ठाम विरोध आहे आणि अजून आमचं एकमत झालेलं नाही. चहा आला वाटतं, थांबतो.