सागरी प्लवकांची खानेसुमारी



शितावरून भाताची परीक्षा करावी, असे आपल्याकडे म्हटले जाते. ही म्हण खरी ठरते ती एका अटीवर. भांड्यातील सगळा भात सारखा शिजलेला असला पाहिजे. तळाचा करपला आणि वरचा कच्चा राहिला, तर एक शीत दाबून पाहणारी गृहिणी फसते. गावाची आणेवारी, म्हणजेच आजची पैसेवारी, ठरविताना हीच अडचण पुढे उभी राहते. पीक कापणी प्रयोगासाठी पाटाजवळचा तुकडा घेतला तर सगळे गाव सुकाळात दिसते आणि माळावरचा घेतला तर तेच गाव दुष्काळी ठरते. म्हणूनच तो तुकडा कोणाच्या मर्जीने न निवडता ठरलेल्या रीतीने निवडला जातो.

जमिनीवर निदान पीक डोळ्यांना दिसते. समुद्राचे पीक मात्र डोळ्यांना दिसत नाही. त्या अदृश्य पिकाची आणेवारी शास्त्रज्ञ कशी करतात, ती कितपत विश्वासार्ह असते आणि तिच्यासाठी महिनोन् महिने जहाजावर राहण्याचे कष्ट का घेतले जातात, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

समुद्राचे अदृश्य पीक

समुद्राच्या पाण्यात असंख्य लहान जीव तरंगत असतात. त्यांना प्रवाहाविरुद्ध पोहत जाण्याइतके बळ नसते. पाणी नेईल तिकडे ते जातात. या सर्वांना मिळून प्लवक म्हणतात. त्यांचे मुख्य भाग दोन. सूर्यप्रकाशावर अन्न तयार करणारे ते वनस्पतिप्लवक. डायाटम हे त्यांतील सर्वांत परिचित. त्यांना खाऊन, किंवा एकमेकांना खाऊन जगणारे ते प्राणिप्लवक. यांत कोपेपॉड नावाचे कवचधारी जीव संख्येने बहुधा सर्वांत जास्त आढळतात. मासे, खेकडे आणि कोळंबी यांची अंडी व पिलेही काही काळ याच मेळ्यात वावरतात.

पृथ्वीवर प्रकाशसंश्लेषणाने जेवढे सेंद्रिय द्रव्य तयार होते, त्याचा जवळजवळ अर्धा वाटा या सागरी वनस्पतिप्लवकांचा आहे. कोकण किनाऱ्यावरील घरांना याचा पुरावा वेगळा द्यायला नको. बाजारात येणारा जवळा हा प्रवाहाबरोबर वाहत येणारा चिमुकला जीव. बोंबील जवळ्यावर पोसतो. बांगडा आणि तारली यांचा आहारही प्रामुख्याने प्लवकांचाच. समुद्रात प्लवक किती, या प्रश्नाच्या उत्तरात कोळ्याच्या होडीत मासळी किती, याचे बरेचसे उत्तर दडलेले असते.

एक जुना वाद

प्लवक मोजण्याचा पहिला मोठा खटाटोप जर्मनीत झाला. कील येथील शरीरक्रियाशास्त्रज्ञ व्हिक्टर हेन्सेन यांनी १८८७ मध्ये ‘प्लँक्टन’ हा शब्द रूढ केला. भटकणारा, या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून तो आला आहे. समुद्राची उत्पादकता शेताच्या उत्पन्नाप्रमाणे आकड्यांत सांगता यावी, ही त्यांची धडपड होती. १८८९ मध्ये ‘नॅशनल’ नावाच्या जहाजातून त्यांनी अटलांटिक महासागरात प्लवक-मोहीम नेली. बारीक जाळे खोलवर सोडायचे, सरळ वर ओढायचे आणि त्यात आलेले जीव एकेक करून मोजायचे, ही त्यांची पद्धत. विस्तीर्ण समुद्रात प्लवक बऱ्याच अंशी सारखे पसरलेले असतात, म्हणून थोड्या ठिकाणचे नमुनेही पुरेसे होतील, असे त्यांचे गृहीत होते.

१८९० मध्ये एर्न्स्ट हेकेल या ख्यातनाम प्राणिशास्त्रज्ञाने त्यांवर कडाडून टीका केली. प्लवक सारखे पसरलेले नसून त्यांचे थवे असतात. एकेक जीव मोजत बसणे म्हणजे व्यर्थ श्रम, असा त्यांचा रोख होता. काळाने या वादाचा निवाडा मोठ्या न्यायाने केला. प्लवक थव्याथव्यांनी असतात, हे हेकेल यांचे म्हणणे खरे ठरले. परंतु ते किती असमान आहेत हे कळण्यासाठीसुद्धा मोजावेच लागते, म्हणून पद्धत टिकली ती हेन्सेन यांची. भात सारखा शिजलेला नाही, एवढ्यावरून शीत पाहणे सोडून चालत नाही. अधिक ठिकाणची शिते पाहावी लागतात.

हिंदी महासागराचे प्रमाणित जाळे

१९६० ते १९६५ या काळात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम पार पडली. अनेक राष्ट्रांची सुमारे ४० जहाजे तीत सहभागी झाली. भारतातर्फे नौदलाचे ‘किस्तना’ आणि संशोधन नौका ‘वरुणा’ ही त्यांपैकी होत. एवढी जहाजे, एवढे देश आणि प्रत्येकाचे जाळे निराळे. अशा स्थितीत एकाचा आकडा दुसऱ्याशी जुळणार कसा? एकाने पायलीने मोजले, दुसऱ्याने मणाने, तर बेरीज होत नाही.

यावर उपाय म्हणून एकच ‘हिंदी महासागर प्रमाणित जाळे’ ठरविण्यात आले. त्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ १ चौरस मीटर, जाळीचे छिद्र सुमारे ०.३३ मिलिमीटर. जाळे २०० मीटर खोलीपर्यंत सोडून सेकंदाला सुमारे १ मीटर या वेगाने सरळ वर ओढायचे. आधीच्या शास्त्रीय मोहिमांतील नमुने बहुधा ज्या त्या देशाच्या संग्रहात जात. या खेपेस प्रमाणित नमुने एका ठिकाणी, कोचीन येथे उभारलेल्या हिंदी महासागर जैविक केंद्रात, पाठविण्यात आले. दीड हजारांहून अधिक नमुने तेथे जमा झाले आणि भारतीय शास्त्रज्ञांच्या एका पिढीने त्यांवर आपले हात व डोळे तयार केले. मोहिमेच्या भारतीय कार्यक्रमाचे नेतृत्व करणारे डॉ. एन. के. पणिक्कर हे पुढे १९६६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे पहिले संचालक झाले. या संस्थेचे मुख्यालय गोव्यात दोना पावला येथे आहे आणि कोचीनचे केंद्र तिचेच अंग बनले. १९७६ मध्ये ‘गवेषणी’, १९८३ मध्ये ‘सागर कन्या’, पाठोपाठ ‘सागर संपदा’ आणि २०१४ मध्ये ‘सिंधू साधना’ ही संशोधन जहाजे देशाच्या सेवेत दाखल झाली.

जहाजावरील काम

कोळ्यांची डोल एका जागी बांधलेली असते आणि भरती-ओहोटीचे पाणी तिच्यातून वाहते. प्लवकाच्या जाळ्याचे याच्या उलट आहे. येथे जाळे हलते आणि पाणी त्यातून गाळले जाते. १ चौरस मीटर तोंडाचे जाळे २०० मीटर सरळ वर आले, तर हिशेबाने २०० घनमीटर पाणी गाळले गेले. परंतु हिशेब आणि समुद्र यांचे नेहमीच जमते असे नाही.

वारा सुटला की जहाज सरकते आणि तार तिरपी होते. तार उभ्या रेषेपासून ३० अंश कलली, तर २०० मीटर तार सोडूनही जाळे सुमारे १७३ मीटर खोलीवरच राहते. म्हणून कोनमापकाने कल मोजून तेवढी अधिक तार सोडावी लागते. या उदाहरणात सुमारे २३१ मीटर. प्लवक दाट असले की जाळीची छिद्रे बुजतात आणि पाणी आत न शिरता बाजूने निघून जाते. यासाठी जाळ्याच्या तोंडात पाण्याचा प्रवाह मोजणारे पंख्याचे छोटे यंत्र बसविलेले असते. खरोखर गाळलेले पाणी किती, हे त्याच्या फेऱ्यांवरून कळते.

वेळेची नोंदही तितकीच महत्त्वाची. अनेक प्राणिप्लवक दिवसा खोल जातात आणि रात्री पृष्ठभागाकडे येतात. एकाच जागेचा दुपारचा आणि मध्यरात्रीचा नमुना त्यामुळे निरनिराळे आकडे देतो. ज्या नमुन्यावर वेळ लिहिलेली नाही, त्याची साक्ष लंगडी होते.

जाळे वर आले की ते बाहेरून समुद्राच्या पाण्याने धुतात, म्हणजे जाळीला चिकटलेले जीव तळाच्या भांड्यात उतरतात. मग ते बरणीत घेऊन फॉर्मॅलिनमध्ये टिकवितात. फॉर्मॅलिनची आम्लता टाकणखाराने कमी करावी लागते, नाहीतर चुन्याची नाजूक कवचे विरघळून जातात. शेवटी पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी बरणीच्या आत टाकली जाते. शाई पुसली जाते, बाहेरचा कागद गळून पडतो; आतली पेन्सिलीची अक्षरे मात्र टिकतात. पहाटे तीन वाजता, डोलणाऱ्या जहाजाच्या ओल्या फळीवर उभे राहून ही चिठ्ठी न चुकता लिहिणे, यातच या शास्त्राची निम्मी शिस्त आहे.

वनस्पतिप्लवक बहुतांशी या जाळ्यात सापडत नाहीत. ते इतके बारीक असतात की छिद्रांतून निसटतात. त्यांच्यासाठी ठराविक खोलीवर आपोआप मिटणाऱ्या बाटलीने पाणीच वर आणतात. त्यात आयोडिनचे द्रावण घालून पाण्याला फिक्या चहाचा रंग आणतात आणि जीव तळाशी बसण्यासाठी पाणी एकदोन दिवस स्थिर ठेवतात.

प्रयोगशाळेतील मोजणी

एका बरणीत हजारो जीव असतात. सगळे मोजणे शक्य नसते, म्हणून नमुन्याचे भाग पाडतात. यासाठी एक पारदर्शक पिंप वापरतात. त्यात नमुना ओतून पिंप हलकेच फिरविले की मधल्या पडद्यामुळे त्याचे दोन समान भाग होतात. अर्ध्याचे पुन्हा अर्धे, असे चार वेळा केले की सोळावा भाग उरतो. समजा, त्यात २५० कोपेपॉड आढळले. संपूर्ण बरणीत ते ४,००० होतात. गाळलेले पाणी १६० घनमीटर असेल, तर दर घनमीटरला २५ कोपेपॉड असे उत्तर येते. मोठे आणि विरळ जीव मात्र भाग न पाडता सबंध बरणीतून मोजतात.

वनस्पतिप्लवकांसाठी ५० मिलिमीटर लांब, २० मिलिमीटर रुंद आणि १ मिलिमीटर खोल अशी काचेची पेटी असते. तीत बरोबर १ मिलिलिटर पाणी मावते. १ लिटर पाणी बसवून १० मिलिलिटर केले आणि त्यातील १ मिलिलिटरमध्ये ५० पेशी दिसल्या, तर मूळ पाण्यात लिटरला ५०० पेशी होत्या.

येथे एक इशारा आवश्यक आहे. मोजलेला आकडा लहान असेल तर त्यातील चूक मोठी असते. नीट मिसळलेल्या नमुन्यातून १०० जीव मोजले तर उत्तर साधारणपणे २० टक्के इकडेतिकडे असू शकते. ४०० मोजले तर ती चूक १० टक्क्यांवर येते. श्रम चौपट केल्यावर चूक निम्मी होते. कंटाळून २५ जीवांवर काम आटोपणाऱ्याच्या उत्तरात ४० टक्क्यांपर्यंत चूक संभवते आणि पुढे केलेला कोणताही गुणाकार ती झाकू शकत नाही. ही झाली केवळ एका बरणीतील चूक. समुद्रातील थव्यांमुळे पडणारा फरक याहून पुष्कळ मोठा असतो. तो ओळखण्यासाठी अनेक ठिकाणी आणि अनेक ऋतूंत नमुने घ्यावे लागतात.

मोजणीचे फलित

इतक्या खटाटोपाचे फळ काय, असा प्रश्न सहज उद्भवतो. इंग्लंडमधील ॲलिस्टर हार्डी यांनी रेशमी पट्टीवर सतत प्लवक टिपणारे एक यंत्र तयार केले. मालवाहू जहाजांमागून ते ओढत १९३१ पासून उत्तर अटलांटिक भागात नोंदी घेतल्या जात आहेत. या दीर्घ नोंदींमुळेच २००२ मध्ये असे दाखवून देता आले की, ईशान्य अटलांटिकमध्ये उष्ण पाण्यातील कोपेपॉडांचे काही गट सुमारे चाळीस वर्षांत दहा अक्षांश उत्तरेकडे सरकले आहेत. समुद्र तापत असल्याची ही साक्ष या चिमुकल्या जीवांनी दिली.

अरबी समुद्रातही असाच बदल नोंदला गेला आहे. त्याच्या उत्तर भागात हिवाळ्यात पूर्वी डायाटमांचा बहर येई. या शतकाच्या आरंभापासून तेथे नॉक्टिल्युका या हिरव्या, रात्री चमकणाऱ्या जीवाचे विस्तीर्ण थर दिसू लागले. त्याच्या कारणांविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. परंतु बदल झाला हे सांगता आले, ते आधीच्या जहाजांवर कोणी तरी प्रामाणिकपणे पेशी मोजून ठेवल्या होत्या म्हणून. डिसेंबर २०१५ मध्ये गोव्यात दुसऱ्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेचा प्रारंभ झाला, तेव्हाही पहिल्या मोहिमेच्या नोंदी तुलनेसाठी हाताशी होत्या.

ज्यांनी त्या बरण्या भरल्या, त्यांना आपल्या आकड्यांचा असा उपयोग होईल याची कल्पना नव्हती. त्यांनी फक्त चिठ्ठीवर तारीख, वेळ, खोली आणि जाळे यांची नोंद खरी केली. गावातील पर्जन्यमापकाचा आकडा लिहिणारा कर्मचारी, शाळेच्या पटावरील हजेरी भरणारा शिक्षक आणि पिकाचा अंदाज देणारा पंचायत सदस्य यांचे काम याहून निराळे नाही. आज लिहिलेला खरा आकडा उद्या कोणाच्या कामी येईल, हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसते. खोटा आकडा मात्र उद्याच्या माणसाला निश्चित चकवितो. समुद्राची असो वा गावाची, खानेसुमारी शेवटी एकेका माणसाच्या सचोटीवर उभी असते.